कोरी काच

४ नोव्हेंबर

आलो एकदाचा. ताईने दारातच "या पंडित" म्हणून स्वागत केलं आणि आधी माझी पिशवी उचलून तिचं वजन पाहिलं. पुस्तकं जास्त आणि सदरे कमी, हे तिचं भाकीत खरं ठरल्याने दिवसभर खुशीत होती. लहानपणी वडिलांनी आम्हा दोघांकडून संस्कृतची शब्दरूपं घोकून घेतली. तिने शहाण्यासारखी ती परीक्षेनंतर विसरून टाकली, मी लक्षात ठेवून बसलो. म्हणून मी पंडित आणि ती सुखी.

वरची खोली मला दिली आहे. खिडकीतून इस्पितळाची मागची बाजू दिसते. दोरीवर वाळणाऱ्या चादरी, भिंतीला टेकून उभी ऑक्सिजनची नळकांडी, जिन्यात उभ्याउभ्या चहा पिणाऱ्या सिस्टर. हातात कप घेऊन निघालो तर चहा गार व्हायच्या आत पोहोचेन इतकं जवळ. ताईचा गुडघा बदलायचा आहे तो याच इस्पितळात, डिसेंबरात. घरचा माणूस आत असल्याने आपली वट वाढली असं तिला वाटतं. मी सांगितलं की मी तिथे जंतू तपासायचं यंत्र चालवायला आलोय आणि सगळ्यांत कमी वटीच्या खोलीत बसणार आहे. तिला पटलं नाही.

संध्याकाळी तिचा चष्मा पुसून दिला. भिंगांच्या कारखान्यात उभी हयात गेली. मळकी काच दिसली की हात राहत नाही. तोंडाची वाफ सोडायची, मऊ कापडाने गोलगोल पुसायची, उजेडाकडे धरायची. कारखाना बंद पडला, सवय चालू आहे.

६ नोव्हेंबर

जंतूंची प्रयोगशाळा तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला. मुख्य खोलीत मोठ्या बाईंचं राज्य. त्या जंतुशास्त्राच्या प्रमुख, निवृत्तीला टेकलेल्या, आणि आवाज असा की जंतूंनीही सरळ रांगेत वाढावं. मला पाहताच विचारलं की तुम्ही डॉक्टर का. नाही म्हटलं. मग जंतुशास्त्र शिकलात का. तेही नाही. काय केलंत मग आजवर? भिंगं, म्हटलं. तेव्हापासून मी 'भिंगवाले'.

माझी खोली त्यांच्या खोलीच्या आत, कोठीघराएवढी. यंत्राला उष्णता सोसत नाही म्हणून तिथे बारमाही थंडी. दारामागे खुंटीवर एक करडा स्वेटर टांगलेला असतो, जाड विणीचा, बाह्या बोटांपर्यंत येणाऱ्या. माझ्या आधी यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांचा. त्यांची छाती जुनीच दुखरी होती म्हणे, आता वरच्या मजल्यावर दाखल आहेत. घाला बिनधास्त, बाई म्हणाल्या, त्या खोलीत हाडं गोठतात, म्हणून मी पाय ठेवत नाही. घातला. छान ऊब आहे. पूर्वसूरींकडून एवढा वारसा मिळाला तरी पुष्कळ.

७ नोव्हेंबर

ताईला यंत्र समजावून सांगितलं, तेच इथे उतरवून ठेवतो.

रोग्याच्या जखमेतले किंवा रक्तातले जंतू औषधाला दाद देतात की नाही, हे कळायला बाईंच्या पद्धतीत दोन दिवस लागतात. जंतू प्लेटवर पेरायचे, औषधाच्या टिकल्या ठेवायच्या आणि वाट पाहायची. माझं यंत्र तेच अर्ध्या तासात सांगतं. लेझरचा प्रकाश जंतूंवर पडतो. बहुतेक गेला तसाच परत येतो, पण चिमूटभर प्रकाश रंग बदलून येतो. त्याची पडद्यावर एक रेघ उमटते, डोंगररांगेसारखी. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या रेघेत एका ठरावीक जागी एक जास्तीचं टेंगूळ असतं. टेंगूळ दिसलं तर साधं औषध फुकट, जालीम औषध द्या. नाही दिसलं तर साधं पुरे.

मात्र रोज सकाळी यंत्राला आधी कोरी काच दाखवावी लागते. काचेचा स्वतःचा, खोलीचा, धुळीचा जो काही प्रकाश येईल तो यंत्र लक्षात ठेवतं आणि दिवसभर प्रत्येक नमुन्यातून वजा करतं. 'काहीच नाही' म्हणजे काय ते आधी दाखवायचं, मग 'काहीतरी' ओळखता येतं. न्यायदर्शनवाले अभावालाही एक पदार्थ मानतात, हे वडिलांकडून शिकलो होतो. पोटापाण्यासाठी कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग काचेवरच काही असलं तर? मी म्हटलं, म्हणून तर पुसतो.

१२ नोव्हेंबर

कोरी काच एकच आहे. धातूचा मुलामा दिलेली, मखमली डबीत ठेवलेली, महागडी. तिला स्पिरिट लावायचं नाही, मुलामा जातो. पुसायचं खास कापड होतं ते कुठे गेलं कोणाला माहीत नाही. नवी काच आणि नवं कापड हवं म्हणून खरेदी विभागात गेलो. तिथल्या साहेबांनी मागणी कारणासह द्या म्हणून सांगितलं. दिली. कारण पुरेसं नाही म्हणून परत आली. 'पुसण्यासाठी' याहून पुरेसं कारण कापडाला काय असतं, ते मला सुचेना.

तोवर स्वेटरची बाही आहेच. वाफ सोडायची आणि बाहीच्या टोकाने अलगद गोल फिरवायचं. कापडापेक्षा मऊ आहे. बाई दारातून पाहत होत्या, म्हणाल्या, ही कुठली शास्त्रीय पद्धत? मी म्हटलं, कारखान्यातली.

यंत्राचे आणि प्लेटचे निकाल अजून तंतोतंत जुळताहेत. तरी बाई वॉर्डात कळवू देत नाहीत. अर्ध्या तासात मिळालेलं उत्तर मी दोन दिवस खिशात घेऊन फिरतो. म्हणजे यंत्र वेगवान आणि आम्ही जैसे थे.

१८ नोव्हेंबर

आज विजय. अधीक्षकांनी ठरवलं की यंत्राच्या निकालावर औषध लगेच सुरू करायचं, प्लेट मागाहून येऊ दे. बाईंनी कपाळाला हात लावला.

पहिला मान छत्रीवाल्या काकांचा. चौकात छत्र्या दुरुस्त करतात, पायात तार घुसून जखम चिघळली. नमुना घ्यायला मीच वर गेलो होतो. मला पाहून म्हणाले, तुम्ही तो उजेडवाला ना? उजेड पाडा लवकर, गिऱ्हाईकं खोळंबलीत. रेघ स्वच्छ निघाली, टेंगूळ नाही. साधं औषध सुरू. मी स्वतः जाऊन सांगितलं, तेव्हा माझ्या छत्रीची मोडकी काडी फुकट बसवून देण्याचं त्यांनी कबूल केलं आणि छत्री ठेवून घेतली.

थंडीने घसा जरा खवखवतोय. ताईने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या आणि पंडितांचा आवाज गेला तर जगात किती शांतता होईल, असंही म्हणाली.

२० नोव्हेंबर

प्लेट आली. काकांच्या जंतूंनी टिकल्यांच्या अगदी कडेपर्यंत चढाई केली आहे. म्हणजे साधं औषध निरुपयोगी. बाईंनी प्लेट माझ्या टेबलावर आदळली नाही, हळूच ठेवली. ते जास्त लागलं.

मी म्हटलं, प्लेटमध्ये बाहेरचं काही शिरलं असेल. बाई म्हणाल्या, बत्तीस वर्षांत माझ्या प्लेटमध्ये बाहेरचं शिरलेलं नाही, आणि तुम्ही बाहेरचे आहात हे विसरू नका. नवा नमुना घेतला, काच दोनदा पुसली, पुन्हा पाहिलं. स्वच्छ. टेंगूळ नाही.

डॉक्टरांनी विचारलं की खरं कोण. आम्ही दोघं एकदमच बोलायला लागलो. ते साधं औषधच पुढे चालू ठेवून निघून गेले. अधीक्षकांचा तसा हुकूम आहे.

२४ नोव्हेंबर

काका गेले.

माझी छत्री त्यांच्या पलंगाखाली होती. काडी बसवलेली. पडल्या पडल्या केव्हातरी बसवली असणार.

कंपनीच्या माणसाला फोन केला. यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, म्हणाला. तेही केलं. त्याने विचारलं, सकाळची कोरी काच मान्य होते का? होते, हिरवा दिवा लागतो. मग यंत्र उत्तम आहे साहेब. मी सांगितलं की माणूस मेला. तो म्हणाला, तक्रार लेखी पाठवा.

खरेदी विभागातून मागणी तिसऱ्यांदा परत. या वेळी शाई निळी हवी होती.

२८ नोव्हेंबर

आणखी चार रोगी. यंत्र म्हणतं दाद देतात, प्लेट म्हणते देत नाहीत. त्यात वरच्या मजल्यावरचा एक जुना रोगी आहे, ज्याचा नमुना दर आठवड्याला येतो. नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात. आज त्याचा आकडा बाईंनी वाचला आणि वॉर्डाच्या वहीत शोधला. मग म्हणाल्या, हे तुमच्या आधीचे. स्वेटरवाले.

म्हणजे मी आल्यापासून त्यांचेच जंतू पाहतोय आणि हुकूम निघाल्यापासून कळवतोय की काळजीचं कारण नाही.

अधीक्षकांकडे गेलो, म्हटलं, यंत्र बंद ठेवा. ते म्हणाले, पाहुणे येणार आहेत यंत्र पाहायला, आता कसं बंद ठेवू? दहा दिवसांपूर्वी मीच या माणसापुढे यंत्राची वकिली करत होतो. इतकी उत्तम केली की आता उलटवता येईना.

रोज सकाळी काच आणखी घासून पुसतो. आणखी काय करू?

१ डिसेंबर

ताईची तारीख अलीकडे आली. परवाच. मी म्हटलं, पुढे ढकल. का म्हणून? मी म्हटलं, जंतू माजलेत. ती म्हणाली, जंतू कधी माजलेले नव्हते? जिना चढताना तिला काय होतं ते तिलाच माहीत, मी वरच्या खोलीत बसून शब्दरूपं म्हणतो. मग दुसरीकडे कर, म्हटलं. तर म्हणाली, "तू आहेस म्हणून तर इथे करतेय. काही झालं तर तू सांगशील तेच औषध घेईन. यंत्रबिंत्र मला कळत नाही, तू कळतोस."

यापेक्षा तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

३ डिसेंबर

झाली. डॉक्टर म्हणाले, उत्तम झाली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य हे, की नवा गुडघा संस्कृत बोलतो का बघ. मी यंत्रावरून तसाच उठून गेलो होतो, स्वेटर अंगातच. तिचा चष्मा धुरकट झाला होता. पुसून डोळ्यांवर चढवला. जखमेवरची चादरही सारखी केली.

खोकला लागलाय. सिस्टरने मला बाहेर घालवलं.

६ डिसेंबर

ताईला ताप. जखम लाल, हात लावला तर चटका बसतो. नमुना घेतला. आकडा मी स्वतः लिहिला.

यंत्र म्हणतं: टेंगूळ नाही. साधं औषध लागू पडेल.

अधीक्षकांच्या हुकमाप्रमाणे डॉक्टरांनी साधं औषध सुरू केलं.

तिने विचारलं, तू पाहिलंस ना स्वतः? मी म्हटलं, पाहिलं. हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

७ डिसेंबर

सकाळी यंत्रासमोर बसलो. ताईचा प्रश्न आठवला, पहिल्या आठवड्यातला. काचेवरच काही असलं तर?

आजवर कोऱ्या काचेची रेघ मी कधी उघडून पाहिली नव्हती. हिरवा दिवा लागला की पुढे. कोऱ्याचं काय पाहायचं? आज उघडली. पडद्यावर सपाट मैदान असायला हवं.

टेंगूळ.

त्याच जागी. ठसठशीत. मी रोज सकाळी यंत्राला हे दाखवत होतो आणि सांगत होतो की हे म्हणजे काहीच नाही. यंत्र आज्ञाधारक. दिवसभर प्रत्येक रोग्यातून ते तेवढंच टेंगूळ इमानेइतबारे वजा करत होतं. जिथे जिथे ते होतं, तिथे तिथे पुसलं जात होतं. काका. वरचे चौघे. ताई.

स्पिरिट घेतलं आणि काच खसाखसा धुतली. मुलामा गेला तर जाऊ दे. पुन्हा दाखवली. वाफ नाही, पुसणं नाही. रेघ सपाट. मग ताईचा नमुना. टेंगूळ उभं राहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो, मी आणि ते.

अंगाला घाम सुटला होता. स्वेटर काढून खुंटीला टांगला आणि बाईंकडे धावलो. त्या तशाच आत आल्या. पडदा पाहिला, फोन उचलला. जालीम औषध तासाभरात सुरू झालं. मग माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "भिंगवाले, तोंड उघडा."

घशाचा नमुना घेतला. त्यांनीच यंत्रावर ठेवला, मी फक्त कळा सांगितल्या. माझ्या घशातही तेच टेंगूळ.

म्हणजे वाफ. माझी वाफ. रोज सकाळी काचेवर मीच पेरत होतो आणि पुसलं असं समजत होतो. आणि ताईचा चष्मा—

८ डिसेंबर

दाखल. वरच्या मजल्यावर काचेच्या खोल्या आहेत, एकेकाला एक. फोन बाहेर ठेवून घेतला. ही वही आत येऊ दिली, पण बाहेर जाणार नाही असं बजावून. आवाज बसलाय. नुसता वारा येतो. ताईची इच्छा पुरी झाली.

एक कोडं सुटत नाही. मला आला कुठून? कारखान्यात इतकी वर्षं खोकलाही झाला नव्हता. इथे आल्यावरच. मी कोणा रोग्याच्या जवळ गेलो नाही. काका आणि ताई सोडून. आणि काकांच्या आधीच घसा—

ताप. उद्या.

१० डिसेंबर

काचेवर ठकठक करून बाई निरोपाचे कागद दाखवतात. आज दोन आनंदाच्या बातम्या. ताईचा ताप उतरतोय. आणि खरेदी विभागाने नवी काच पाठवली, कापड मात्र नाही. माझ्या मागणीवर नव्हे, अधीक्षक स्वतः जाऊन बसले म्हणून. यंत्र आता बाई स्वतः चालवतात. वाफ सोडणार नाही, असं त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं आणि हसल्या. प्रथमच हसताना पाहिलं.

समोरच्या काचेच्या खोलीत एक बारीक गृहस्थ आहेत. नाकात नळी. माझ्याकडे पाहत असतात. वॉर्डातल्या मावशींनी पाणी देताना सांगितलं, तुमच्या आधीचे यंत्रवाले.

मी हात जोडले. त्यांनी हात जोडले नाहीत. दोन्ही हातांनी स्वतःचे दंड चोळले.

थंडी वाजत असावी. मावशींना खुणेने सांगितलं, त्यांना एक ब्लँकेट द्या.

११ डिसेंबर

दिलं ब्लँकेट. त्यांनी फेकलं.

पुन्हा दंड चोळतात. मनगटापर्यंत. मग मनगट ओढल्यासारखं करतात. पुन्हा पुन्हा. मान हलवून नको नको म्हणतात. कळत नाही. चिडतात. मीही चिडतो. दोन मुके, मध्ये बोळ.

वडील म्हणायचे, शब्द म्हणजे प्रकाश. इथे प्रकाश आहे, शब्द नाही.

१२ डिसेंबर

बाईंचा कागद: जालीम औषधाने ताईची मूत्रपिंडं थकलीत. लघवी कमी. डॉक्टरांना परत साध्या औषधावर यायचं आहे. नव्या नमुन्यात टेंगूळ गेलेलं असेल तर. नमुना घेतलाय. उद्या सकाळी नव्या काचेवर पाहणार.

बरं. यंत्र आता स्वच्छ आहे. बाई शिस्तीच्या आहेत. त्यांच्यावर विश्वास—

बाई खोकल्या. कागद दाखवताना. जरासंच. त्या खोलीत हाडं गोठतात, अशी खूण केली.

१२ डिसेंबर, दुपारी

समोरचे गृहस्थ काचेवर बोटाने काही गिरवत होते. उलटं. वाचायच्या आत हात खाली पडला.

सिस्टर आल्या. मग आणखी दोघं. पडदा ओढला.

ओला डाग राहिला काचेवर. एक लांब रेघ, तिच्या शेवटाशी गोल. हाताचं चित्र? हात नाही. रुंद आहे. बाही?

त्यांना थंडी नव्हती वाजत. दंड चोळत नव्हते. दाखवत—

काय दाखवत होते मला—

१३ डिसेंबर

डोकं जड. विचार नीट करायचा. एक एक.

आल्या दिवशी घसा चांगला. ताईशी वाद घातला, आवाज होता. दुसऱ्या आठवड्यात खवखव. मध्ये काय? बोळ. खोली. यंत्र. थंडी. मग—

काचेवर वाफ माझी. पण पुसलं कशाने?

स्पिरिटने धुतली तेव्हा नुसती वाफच थांबवली नाही मी. पुसलंही नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि एकीलाच दोष दिला. शिकाऊ पोरगाही असं करत नाही. खुंटीवर कोण टांगून आलं? मी.

मावशी. मावशींना सांगायला हवं. आवाज नाही. घंटा दाबतोय. येतील—

बाई आल्या.

बाहेर उभ्या आहेत. कागद काचेला लावलाय. लिहिलंय: ताईचा निकाल आला. टेंगूळ नाही. रेघ सपाट. साधं औषध सुरू करतोय. अभिनंदन भिंगवाले.

अंगात करडा स्वेटर. बाह्या बोटांपर्यंत.

काच बडवतो आहे. त्या हसतात. आभार मानतोय असं वाटतं त्यांना. माझ्या श्वासाने काच आतून धुरकटली, तर त्या बाहेरून बाहीने पुसताहेत. गोलगोल. माझ्यासारखं.

इथेच मोठ्या अक्षरांत लिहितो, वही काचेला लावतो—

बाई स्वेटर काढा

ताईचं औषध बदलू नका

काच वाफेने नाही बाहीने

दिसत नाही, अशी खूण करतात. चष्मा काढला. पुसताहेत. त्याच बाही